तुम्ही विचारलंत म्हणून: दारातली ती निळी फुलं

मार्चमध्ये आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण दारातच थांबतो. "ही निळी फुलं कुठली? बी द्याल का? आमच्याकडे येतील?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं, म्हणून आज नीट सांगते.

हिचं नाव डेझर्ट ब्लूबेल. शास्त्रीय नाव फॅसेलिया कॅम्पॅन्युलारिया. ही इथलीच, दक्षिण कॅलिफोर्नियातली. मोहावी आणि कोलोरॅडो या दोन वाळवंटांत उगवते (हे कोलोरॅडो त्या राज्यातलं नव्हे, नदीच्या नावाचं). मी ती पहिल्यांदा पाहिली जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, दोन खडकांमधल्या भरड वाळूत. वीतभर, फार तर हातभर उंचीचं झाड, लालसर देठ, दातेरी पानं आणि घंटेसारखी फुलं. गोकर्णीच्या निळ्यात जांभळी झाक असते, हिच्यात ती नावापुरतीच. मी तिथे वाळूत बसूनच राहिले होते.

घरी लावायला घेतली आणि पहिली दोन वर्षं वाया गेली. पहिल्या वर्षी बी बारीक आहे म्हणून मातीवर नुसतं भुरभुरलं. काही उगवलं नाही. या बियांना उजेड चालत नाही, अंधारातच त्यांना कोंब फुटतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी रोपं आली, तर मी रोज झारी घेऊन उभी. आठवड्याभरात ती बुडातून कुजून आडवी झाली.

मग वाळवंटात ती कशी जगते ते समजून घेतलं. तिचं सगळं आयुष्य काही महिन्यांचं. हिवाळ्याच्या पावसात उगवायचं, वसंतात फुलायचं, ऊन तापायच्या आत बी टाकून संपायचं. उरलेला काळ बी वाळूत पडून असतं, कधी कधी कित्येक वर्षं. चार थेंबांनी ते फसत नाही. वाळवंटातल्या अशा वर्षायू फुलांना साधारण 25 मिलिमीटरचा, जमीन भिजवणारा पाऊस लागतो, आणि तोही थंडीतला. एवढं होऊनही सगळं बी एकदम उगवत नाही. काही पुढच्या वर्षांसाठी मागे राहतं. पुढे पाऊस झालाच नाही तर उगवलेली रोपं जातील, पण वंश राहील. मला या फुलाच्या रंगाइतकंच त्याचं हे धोरण आवडतं.

तर लावायची अशी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, उकाडा ओसरल्यावर, दिवसभर ऊन मिळेल अशी जागा घ्या. माती हलकी, रेताड, पाणी न धरणारी. खत अजिबात नको. खताने नुसती पानं माजतात. बी पेरून वर पाव इंच माती ओढा आणि हाताने दाबा. कोंब दिसेपर्यंत ओल टिकवा, याला दोन-तीन आठवडे लागतात. दाटी झाली तर विरळणी करा, पण उपटलेली रोपं दुसरीकडे लावू नका, मूळ दुखावलेलं तिला सोसत नाही. कुंडीत हवी असेल तर पहिल्यापासून कुंडीतच पेरा. पुढे माती वरून सुकल्यावरच पाणी द्या.

झाडावर बारीक चिकट लव असते. काहींच्या अंगावर तिने पुरळ उठतं, म्हणून विरळणी करताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना गुच्छ करायला देऊ नका.

बी राष्ट्रीय उद्यानातून कृपा करून आणू नका. तिथून काहीही तोडायला बंदी आहे, आणि ते बी तिथल्याच वाळूचं आहे. पुण्या-नाशिकला पाठवायलाही सांगू नका. भारतात बियाणं न्यायला परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

आमच्या वाफ्यातली बोंडं मेच्या सुमारास वाळतात. निम्मी मी तिथेच फुटू देते, निम्मी कागदी पिशवीत झटकून घेते. यंदाच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत. दिवाळीच्या फराळाला याल तेव्हा आठवणीने मागून घ्या.