ॲक्सिलरेटरने नाकारलं, भोसरीने घेतलं

नकाराचा राग कधीच विरला. ताटकळत ठेवल्याचा मात्र अजून आहे.

मी आणि माझा मित्र सीएनसी मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनच्या, स्पिंडलचं (फिरणाऱ्या दांड्याचं) व्हायब्रेशन मोजणारं यंत्र बनवतो. बेअरिंग जायला लागलं की आधी व्हायब्रेशन बदलतं, मशीन बंद पडतं ते नंतर. प्रोटोटाइप झाला, कंपनीची नोंदणी झाली. मग नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या एका नावाजलेल्या ॲक्सिलरेटरकडे अर्ज केला आणि गाडी अडली.

पोर्टलवर एकच शब्द, ‘विचाराधीन’. मेलला उत्तर नाही, फोन नंबर कुठेच नाही. रोज सकाळी चहाच्या आधी लॉगिन करून तोच शब्द बघायचा. मित्राने नोकरीचा राजीनामा द्यायचा की नाही, हे त्यावर लटकलेलं. घरचे विचारायचे, ‘काय झालं तुमचं?’ सांगणार काय? शेवटी ऑनलाइन मुलाखत झाली. निम्मा वेळ मार्केट केवढं यातच गेला. कापताना थंडावा देणारं कूलंट उडतं तिथे सेन्सर टिकतो का, हे एकानेही विचारलं नाही. पुन्हा शांतता. मग दोन ओळींचा मेल, निवड झाली नाही म्हणून. कारण विचारलं तर ‘अभिप्राय देणं शक्य नाही’. महिनोन्‌महिने थांबवलेल्या माणसाला एक कारण सांगता येत नाही?

अर्ज जरूर करा, पण तो गेला त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे जा. आणि एक नकार म्हणजे शेवट नव्हे. ईमेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या सेंडग्रिड या अमेरिकन कंपनीलाही वाय कॉम्बिनेटर या ॲक्सिलरेटरने नाकारलं होतं. ते २००९ मध्ये टेकस्टार्स या दुसऱ्या ॲक्सिलरेटरमध्ये गेले आणि २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरले.

आम्हाला भोसरी एमआयडीसीतल्या एका काकांनी मशीन दिलं. पहिल्याच आठवड्यात कनेक्टरमध्ये कूलंट शिरलं, पिना हिरव्या पडल्या. सगळा जोड रेझिन ओतून बंद केला. पुढे यंत्राने बेअरिंगचा इशारा दिला, काकांनी स्पिंडल उघडला, बेअरिंग खरंच खडखडत होतं. ‘बाकीच्या मशीनना पण लावा,’ म्हणाले आणि तिथेच ॲडव्हान्सचा चेक फाडला. तो चेक हातात घेताना जे वाटलं, ते कुठल्याही निवडीच्या मेलने वाटलं नसतं. आज चाकणचे व्हेंडरही आमचं यंत्र घेतात आणि मित्र पूर्णवेळ इथेच आहे.

हो, उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान-मध्यम उद्योगांची नोंदणी, आधीच करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर कायद्याने गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उद्यम क्रमांक बिलावरच छापा.