जीएल-5 ची बाटली

"दादा, गिअरबॉक्स उतरवायलाच लागेल ना?" गाडीतून उतरता उतरताच तिने विचारलं.

गाडी होंडा एस2000. पहिल्या पिढीतली, 9000 आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या दोन लिटरच्या इंजिनाची. ही बाई ती ट्रॅकवर चालवते आणि जीव लावून सांभाळते. तक्रार दुसऱ्या गिअरची होती. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मध्येच अडायचा आणि घाई केली की दात घासल्याची कडकड. दोघा मेकॅनिकांनी तिला गिअरबॉक्समधले सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा, गेले म्हणून सांगितलं होतं. खर्चाची मनाशी तयारी करूनच ती आली होती.

मी आधी क्लच बघितला, कारण क्लच पूर्ण सुटत नसला तरी गिअर असाच कडकडतो. गाडी लिफ्टवर घेतली, मागची चाकं अधांतरी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाकला. चाकं ढिम्म. क्लच नीट सुटत होता.

मग विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

"मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग केलं ना, त्यानंतर. सगळी ऑइलं बदलून घेतली. सगळ्यात भारी घाला, असं मीच सांगितलं होतं." डिकीतून तिने उरलेली बाटली काढून दिली. फुल सिंथेटिक, दाटपणाची ग्रेड 75डब्ल्यू-140, गिअर ऑइलचा प्रकार जीएल-5.

बाटली हातात घेतली आणि माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं. गिअरबॉक्स वाचण्याची शक्यता होती.

ऑइल वाईट नव्हतं. ते चुकीच्या घरात गेलं होतं. एस2000 ला मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल गिअरबॉक्सपासून वेगळं आहे. त्यात हायपॉइड गिअर असतात, त्यांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत फिरतात, आणि तिथे होंडा स्वतःच जीएल-5 मागते. गिअरबॉक्सला मात्र होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड लागतं, जवळजवळ इंजिन ऑइलाइतकं पातळ. होंडाच्या जुन्या पुस्तिकांत तर एमटीएफ मिळालं नाही तर तात्पुरतं 10डब्ल्यू-30 इंजिन ऑइल चालेल, असं लिहिलेलं असायचं. सर्व्हिसिंग करणाऱ्याने डिफरन्शियलची बाटली उघडली होती, त्यातूनच गिअरबॉक्सही भरला.

इथे लोक फसतात ते आकड्याला. चारपेक्षा पाच मोठा, म्हणून जीएल-5 हे जीएल-4 पेक्षा वरचं, असा समज पक्का बसलेला असतो. ही पायरी चढत जाण्याची नाही, काम वेगळं असल्याची खूण आहे. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी रसायनं जीएल-4 च्या साधारण दुप्पट असतात. हायपॉइड दातांना ती वाचवतात. पण गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नावाची एक लहानशी रिंग असते आणि ती घर्षणावर जगते. गिअर बदलताना ही रिंग गिअरच्या शंकूवर घट्ट बसते, फिरत्या गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवते, मगच दातांना आत जाऊ देते. म्हणजे ती एक ब्रेकच आहे. त्या क्षणी मधला ऑइलचा थर रिंगच्या खाचांमधून बाजूला सरकायला हवा. ऑइल फार निसरडं किंवा फार दाट असलं की ब्रेक लागत नाही, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. त्यातून रिंग पितळेची असेल, तर काही गंधकी रसायनं गरम झाल्यावर ती हळूहळू खातात.

दाटपणाचं म्हणाल तर 100 अंश सेल्सिअसला 140 ग्रेड किमान 24 सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असते, 30 ग्रेडचं इंजिन ऑइल 12.5 च्याही खाली. हा फरक गरम असतानाचा. थंडीत काय होत असेल ते दुसरा गिअर सांगतच होता. (गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी लावू नयेत, मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलचं 90 हे इंजिन ऑइलच्या 40-50 च्या आसपास येतं.)

गाडी थोडी फिरवून ऑइल गरम केलं. आधी वरचा भरायचा प्लग ढिला केला. हा क्रम मी कधीच मोडत नाही. खालचा काढून गिअरबॉक्स रिकामा केला आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी तिथेच बसते. मग खालचा काढला. गंधकाचा तो उग्र वास सगळीकडे पसरला. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा होता, लोण्यासारखा मऊ. बोटांत चोळला, खडा लागला नाही, तुकडा नाही. लगदा असतोच, त्याची भीती नाही. ट्रेमधलं ऑइल बॅटरीच्या प्रकाशात धरलं तेव्हा मात्र बारीक सोनेरी चकाकी दिसली. पितळ. फार नव्हतं, पण होतं. तिलाही दाखवलं. अशी गोष्ट मालकापासून लपवू नये.

नवीन वॉशर टाकून एमटीएफ भरलं, जेमतेम दीड लिटर, भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत. गाडी अगदी सपाट हवी, नाहीतर ही पातळी खोटी येते. कानाकोपऱ्यात जुनं ऑइल राहतंच, म्हणून थोडं अंतर चालवून तेही काढलं आणि पुन्हा ताजं भरलं. दोनदा भरण्याला उधळपट्टी म्हणणारे आहेत. या गाडीला मी ते केलंच असतं.

रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी स्टिअरिंगवर ती, शेजारी मी. पहिला, मग दुसरा. दांडा आत गेला. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. इंजिन गरम झाल्यावर 8000 च्या पुढे जाऊन बदलला तेव्हा एकदा अगदी बारीक खरखर हाताला जाणवली. रिंगेची झीज भरून येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ट्रॅकवर दुसऱ्याला घाई करू नका, आणि पुढच्या वेळी ऑइल काढाल तेव्हा चकाकी वाढली का ते बघा.

"मग डिफरन्शियलचंही बदलायचं का?"

"नाही. तिथे ते बरोबर आहे."

तिने उरलेली बाटली घेतली, माझ्याकडून मार्कर मागून तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'फक्त डिफरन्शियल' असं लिहिलं आणि डिकीत परत ठेवली.