आमची वाटचाल: बटणावर लिहिलंय तेच घडावं

अंबड-सातपूरचे कारखाने, द्राक्षांची पॅकहाउसं, लासलगावचे कांदा व्यापारी यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीवरचे तयार डेटाबेस भाड्याने देणं हा आमचा धंदा. सर्व्हर मुंबईत, माणसं नाशिकमध्ये. डेटाबेस उभा करणं आता कुणालाही जमतं. खरं काम पुढे वाढलं ते सुविधांना नीट नावं देण्याचं.

पॅनेलवर, म्हणजे ग्राहक डेटाबेस सांभाळतो त्या पडद्यावर, नुसतं ‘बॅकअप’ आम्ही कुठेच लिहीत नाही. ‘रात्रीची प्रत’ म्हणजे पीजी-डंप या साधनाने सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून घेणं: ती पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्तीवरही उतरते, पण दिवसभराच्या पावत्या तिच्यात नसतात. कुणी ‘व्हेअर’ (कोणत्या नोंदी, ही अट) न लावता ‘डिलीट’ चालवलं आणि सगळ्याच नोंदी पुसल्या, तर ‘त्या क्षणाची नवी प्रत उभी करा’ हे बटण. त्यासाठी बेस बॅकअप (डेटाबेसच्या फायलींची पूर्ण नक्कल) आणि त्यानंतरच्या सगळ्या वॉल फायली (प्रत्येक बदलाची नोंदवही) लागतात. ‘रीस्टोअर’ म्हटलं की चालू डेटाबेस पुसला जाईल अशी धास्ती वाटते. इथे तो तसाच राहतो, नवा शेजारी उभा राहतो.

वॉल फाइल १६ एमबीची. ती भरल्याशिवाय आर्काइव्हला, म्हणजे वेगळ्या साठ्यात, जात नाही, आणि छोट्या व्यापाऱ्याकडे भरायला कितीतरी वेळ लागतो. तेवढ्यात डिस्क गेली तर त्या नोंदीही गेल्या. म्हणून ‘आर्काइव्ह टाइमआउट’ ६० सेकंद: तेवढ्यात फाइल भरली नाही तरी ती पाठवली जाते. दुसरा घोळ घड्याळाचा: सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, फोनवरचा माणूस आपल्या वेळेत बोलतो, फरक साडेपाच तासांचा. वेळेच्या चौकटीवरच ‘भारतीय वेळ’ छापलंय.

कनेक्शनचे पत्ते दोन. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस उघडतं, मूळ मर्यादा १००. द्राक्षांच्या हंगामात ती लगेच संपते. ‘सामायिक कनेक्शन’ पोर्ट ६४३२ वर, पीजीबाउन्सर या कनेक्शन वाटून देणाऱ्या मधल्या प्रोग्रामच्या ट्रान्झॅक्शन मोडमधून: एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला. तिथे ‘लिसन’ (डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणं) आणि सेशनभराचे ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः लावलेली कुलपं) भरवशाचे नाहीत, हे पत्त्याखालीच लिहिलंय. ड्रायव्हरचे (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचे) प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आधी तयार करून पुन्हा वापरायच्या क्वेरी, पीजीबाउन्सर १.२१ पासून चालतात, पण त्याची ‘मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स’ ही सेटिंग शून्यावर नको. मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) ‘थेट कनेक्शन’ वरून, पोर्ट ५४३२.

‘वाचण्यापुरती प्रत’ म्हणजे रेप्लिका, मूळ डेटाबेसचे बदल सतत उचलणारी जोडप्रत. चुकीचं डिलीट तिथेही काही क्षणांत पोचतं; तिला बॅकअप समजणारे अजून भेटतात!

मराठी नावांचा हट्ट मात्र पॅनेलपुरताच. लॉग आणि एरर मूळ इंग्रजीतच ठेवतो, कारण डेव्हलपर तोच मजकूर उचलून शोधतो.