भूगोलाच्या सरांना फील्डक्राफ्ट कुणी शिकवलं?

पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठेही भेटलं की हा प्रश्न येतोच. "सर, तुम्ही भूगोलाचे. फौजेत कधी नव्हतात. मग पोरांना फील्डक्राफ्ट कसं शिकवता?" फील्डक्राफ्ट म्हणजे मैदानात स्वतः लपायचं, लपलेल्याला शोधायचं, अंतराचा अंदाज घ्यायचा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

शाळेतल्या एनसीसीचा एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर, हा शिक्षकच असतो. आधीचे सर निवृत्त झाले, मुख्याध्यापकांनी कोण तयार आहे म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो. प्रशिक्षण होईपर्यंत मी 'केअरटेकर' होतो. ड्रिल घ्यायला बटालियनचा पीआय स्टाफ, म्हणजे लष्करातले हवालदार, यायचे. ते नसले की तास माझ्याकडे. त्या वर्षी मी फील्डक्राफ्ट फळ्यावर शिकवलं. वस्तू का दिसते? आकार, सावली, चमक, पार्श्वभूमी, हालचाल. मुलांनी वहीत उतरवून घेतलं, 'ए' सर्टिफिकेटच्या पेपरात बरोबर लिहिलं. मग शिबिरात सुभेदारसाहेबांनी आमच्या एका कॅडेटला समोरचं झाड किती लांब आहे ते विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मलाही सांगता आलं नसतं. ती गोष्ट मला फार लागली.

पुढे नागपूरजवळच्या कामठीला, एनसीसीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेलो. 1821 पासूनचं छावणीचं गाव. (शिक्षिकांचं प्रशिक्षण ग्वाल्हेरला होतं.) देशभरातले शिक्षक-प्राध्यापक सोबत, शिकवणं हिंदीत, शिकवणारे लष्करातले उस्ताद.

एका सकाळी उस्तादांनी आम्हाला माळासमोर बसवलं. "सामने चार जवान हैं. ढूंढिए." वाळलेलं गवत, पळसाची झुडपं, एक बांध. बराच वेळ डोळे ताणले, एकही दिसेना. मग शिट्टी झाली. एकाने नुसती मान वळवली आणि तो दिसला. दुसऱ्याने मनगटावरचं घड्याळ उन्हात धरलं. तिसरा बांधावर चढला, तशी आभाळावर त्याची आकृती उमटली. चौथा आमच्यापासून पंचवीसेक पावलांवर, झुडपाच्या सावलीत होता. इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होतो.

अंतराचंही तसंच. 200 मीटरवर माणूस स्पष्ट दिसतो, 400 वर चेहरा पुसट होतो, 600 वर डोकं जवळजवळ नाहीसं आणि अंग पाचरीसारखं निमुळतं. मधे खोलगट जमीन असली किंवा ऊन लख्ख असलं की तीच वस्तू जवळ भासते, पालथं पडून पाहिली की लांब. समोच्च रेषा मी कित्येक वर्षं शिकवत आलो होतो. पण जमिनीचा जरासा उंचवटा अख्खा माणूस लपवतो हे लेपर्ड क्रॉल करताना, म्हणजे जमिनीसरशी कोपरांवर सरपटताना, कोपरं सोलवटल्यावर कळलं.

शेवटी आम्हाला धडा घेऊन दाखवायचा होता. मी व्याख्या सांगायला सुरुवात केली. मागे उभे असलेले उस्ताद हळूच म्हणाले, "साहब, बोलिए कम, दिखाइए ज़्यादा." बीएडला पाठ घेतले तेव्हा इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझा हा तास शाळेमागच्या ओढ्याकाठी होतो. दिवाळीनंतर आठवीतल्या एका अबोल मुलीवर लपायची पाळी आली. तिने केसांतली चकचकीत पिन काढून मैत्रिणीकडे दिली, पांढरा रुमाल खिशात कोंबला आणि घाणेरीच्या जाळीच्या सावलीकडच्या अंगाला आडवी झाली. सगळी तुकडी शोधत होती. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली तरी ती हलली नाही. शिट्टी वाजवली तेव्हा ती ज्या जागेवरून उठली, त्याच जागेवरून मी दोनदा नजर फिरवली होती.

कपड्यांवरचं गवत झटकत ती म्हणाली, "सर, आता मी शोधू?"