कप्तान रात्री फळ्यावर गेला

आठवीच्या सहामाहीला इंग्रजीच्या पेपरात भाषांतराला एक वाक्य आलं होतं. कप्तान रात्री जहाजावर चढला, एवढाच त्याचा अर्थ. पण मूळ वाक्यात जहाज कुठंच नव्हतं, नुसतं 'ऑन बोर्ड' होतं. मी पडलो माण तालुक्यातला. समुद्र राहू द्या, आमची नदीसुद्धा वाहिली तर पावसाळ्यात. बोर्ड म्हणजे वर्गातला तो काळा फळा, जो दर सुट्टीनंतर आम्हीच कोळसा आणि जुन्या सेलातली पूड कालवून रंगवायचो. मी बिनधास्त लिहून मोकळा झालो : 'कप्तान रात्री फळ्यावर गेला.'

पेपर वाटताना सरांनी वाक्य वाचून दाखवलं. वर्ग खदखदला. "पुसायला गेला असंल," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सर मात्र हसले नाहीत. दोनपैकी त्यांनी मला दीड गुण दिले होते. दीड कसे, असं मी चाचरत विचारलं.

"फळ्यावरच गेला तो. कुठल्या, ते तुला कळलं नाही. त्याचा अर्धा कापला."

मग उरलेला तास त्या एका शब्दावर गेला. बोर्ड म्हणजे मुळात लाकडाची फळी. जुन्या इंग्रजीत ढालीलाही तोच शब्द, कारण ढाल फळीचीच. 'काठ' किंवा 'जहाजाची बाजू' अशा अर्थाचा तसाच दिसणारा आणखी एक जुना शब्द होता, तो यात इतका मिसळला की आता दोघांना वेगळं करणं अवघड. म्हणून गलबताच्या कडेवरून समुद्रात पडला तर 'ओव्हरबोर्ड', आणि कड ओलांडून आत आला तर 'ऑन बोर्ड'. सरांनी फळ्यावर एक होडी काढली. ती कढईसारखी दिसत होती, पण आम्हाला पुरली.

फळीला पाय लावले की टेबल. टेबलावर जेवण, म्हणून बोर्ड म्हणजे जेवणही. इथं आम्ही कान टवकारले, कारण वर्गातली निम्मी पोरं बोर्डिंगातली. घरून पोतंभर बाजरी आणायची, आठवड्याची पाळी लावून भाकरी थापायच्या. त्या बोर्डिंगच्या नावातच भाकरी आहे, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सर म्हणाले, "आपण नाही का विचारत, किती पानं उठली? पान म्हणजे जेवणारा माणूसच की." कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, साताऱ्यात कर्मवीरांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. कोण कुणाच्या पंगतीला बसतो, हाच तेव्हाचा मोठा प्रश्न होता. त्यामुळे जेवणाचा अर्थ पोटात असलेला शब्द तिथं चांगलाच शोभून दिसतो, असं मला आता वाटतं.

त्याच टेबलाभोवती बसून कारभार पाहणारी माणसं, तेही बोर्ड. माझे आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत चार बुकं शिकलेले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तरी मरेपर्यंत ते 'बोर्डाची शाळा'च म्हणत. दहावीची परीक्षा घेणारं मंडळही बोर्डच, आणि तेव्हा त्याच्या गुणवत्ता यादीत नाव लागलं की पोरगं 'बोर्डात आलं' म्हणायचे. मी काही बोर्डात आलो नाही. बोर्डिंगात होतो, त्यावरच घरच्यांनी समाधान मानलं.

एक गोष्ट सरांनी हटकून सांगितली होती, ती आजही लोकांना सांगताना मला मजा येते. कप ठेवायची फळी ती 'कपबोर्ड', तेव्हा आपलं कपाट त्यावरूनच आलं असणार, असं मी हुशारी दाखवत म्हणालो. सर म्हणाले, "चूक. कपाट संस्कृत आहे. कपाट म्हणजे दाराची फळी. तुझ्या घरचं कवाडही तिथूनच आलं." म्हणजे दोन्हीकडे फळीच, पण नातं काही नाही. ऐकायला सारखे शब्द दिसले की सोयरीक जुळवायची खोड माझी तेव्हा मोडली.

१९८४ मध्ये मी मुंबईला 'राजेंद्र' या प्रशिक्षण नौकेवर दाखल झालो. तिथं पहिल्याच आठवड्यात 'स्टारबोर्ड' शब्द कानावर पडला. जहाजाची उजवी बाजू. बरोबरचा एक जण म्हणाला, ताऱ्यांवरून दिशा बघतात म्हणून स्टार. मी गप्प बसलो. कपाटाचा अनुभव होता ना. पुढं कळलं की ताऱ्याचा काही संबंध नाही. जुन्या गलबतांना सुकाणूचं वल्हं मागं मधोमध नसे, उजव्या कडेला असे. सुकाणू धरायची बाजू ती 'स्टिअर'बोर्ड. वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून गलबत डाव्या अंगानं बंदराला लावत, म्हणून डावी बाजू 'पोर्ट'. तिचं आधीचं नाव 'लारबोर्ड'. वादळात दोन्ही शब्द कानाला सारखेच लागायचे आणि सुकाणू भलतीकडे वळायचं. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं हुकूम काढून लारबोर्ड बंदच केला.

पहिल्या मालवाहू जहाजावर माझी रात्रीची पाळी असायची. उजवीकडे हिरवा दिवा, डावीकडे लाल. पायाखाली सगळं पोलाद, फळी औषधालासुद्धा नाही. तरी हुद्दा, जेवण, पगार सगळं 'ऑन बोर्ड'च. आता तर विमानात चढायलाही बोर्डिंग पास लागतो.

एका बंदरातून सरांना पत्र टाकलं. ख्यालीखुशाली फारशी लिहिली नाही. एकच ओळ : 'सर, मी रात्री फळ्यावर असतो.'

दोन महिन्यांनी घरच्या पत्त्यावर त्यांचं कार्ड येऊन पडलेलं. लाल शाईत, पेपर तपासायच्या अक्षरात लिहिलं होतं : 'वाक्य बरोबर. अर्धा गुण परत.'