घटनास्थळ पोलिसांचे, मृतदेह आमचा
अमेरिकेत काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडे, मृत्यू-तपासनीस असल्याने कामाची ही विभागणी मला पाळावी लागते. आज एकट्या राहणाऱ्या एका आजोबांच्या घरी देहाचा ताठरपणा, पाठीकडे साकळलेल्या रक्ताची लाली आणि खोलीचे तापमान नोंदवल्यावर मी बाटल्यांवरील तारखा पाहून उरलेल्या गोळ्या मोजल्या, कारण रक्तदाबाचे औषध थांबले असेल तर ते डॉक्टरांना कळायलाच हवे. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या की अनिर्णित, हे शेवटी तेच ठरवतात. दूरच्या राज्यातील मुलीला मात्र मीच कळवले; आडवळणाने बोलल्यास खोटी आशा उरते, म्हणून मृत्यू झाल्याचे स्पष्टच सांगावे लागते. त्यांना त्रास झाला का, असे तिने विचारले. पुराव्यापलीकडचे उत्तर देण्याची मुभा मला नाही, आणि माझ्या मते ती नसावीच.