दोन खाड्या ओलांडून गुहागर

दरवर्षी होळीच्या आसपास हे वन्संना घेऊन गुहागरला जायचे. व्याडेश्वर आमचं कुलदैवत आणि वन्संचं सगळं बालपण त्याच गावात गेलेलं. घर कधीच विकलं गेलं, पण वर्षातून एकदा देवाला जाऊन यायचा भावाबहिणीचा नेम कधी चुकला नाही. हे गेले आणि वन्सं म्हणाल्या, "आता माझं गुहागर संपलं गं." हे वाक्य मला सहन झालं नाही. त्या दोन शब्दांत त्यांचा भाऊही गेला होता आणि माहेरही.

गाडी दारात होती, पण मला चालवता येत नव्हती. नातेवाईक म्हणत, विकून टाक, नाहीतर बॅटरी उतरेल. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काकू, टाच टेकलेली ठेवा, क्लच सावकाश सोडा. गाडी थरथरली की पाय तिथंच धरा." हाफ क्लच जमेपर्यंत तिनं मला सिंहगड रस्त्याच्या गल्ल्यांमधून चढ शोधून शोधून फिरवलं. त्या तासात आरसा, गिअर, समोरची रिक्षा आणि मध्येच आलेला सायकलवाला, एवढंच डोक्यात असायचं. भेटायला येणाऱ्या माणसांनी मायेनं खूप समजावलं होतं, पण मन जरा मोकळं झालं ते त्या सीटवर. दुःखात माणसाला विश्रांती द्यावी असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं, त्याला पूर्ण लक्ष मागणारं एखादं नवं, अवघड काम द्यावं.

लायसन्स हातात आलं, गावात पुरेशी गाडी फिरवून झाली आणि मी वन्संना फोन केला. नेहमीचा रस्ता म्हणजे उंब्रज, पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण. तो मी मुद्दामच टाळला. त्या रस्त्यावर चहाची टपरीसुद्धा ह्यांच्या ओळखीची. म्हणून ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला, असं ठरवलं. हे या वाटेनं कधी गेले नव्हते, मी तर नाहीच.

ताम्हिणीत वन्सं मुठीत पदर धरून बसल्या होत्या. निजामपूर मागे पडल्यावर त्यांनी डबा उघडला आणि मला लाडू भरवला. शेजारच्या सीटवरून चालवणाऱ्याला भरवायचं काम इतकी वर्षं माझं होतं.

हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन बागमांडल्याच्या जेट्टीवर आलो. पलीकडे वेसवी, मध्ये सावित्रीची रुंद खाडी. फेरीबोट नसती तर आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा पडला असता. बोटीचा पुढचा लोखंडी फाळका धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि गाड्या एकेक करून आत जातात. बोटीवरच्या मुलानं दोन्ही हात हलवत मला पुढे, अजून पुढे, असं एका टेम्पोला जवळजवळ चिकटवून उभं केलं. "मावशी, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा." ओढला. बोट निघाली तशा वन्सं खाली उतरून कठड्याला टेकल्या. वारा भन्नाट होता. मी गाडीतच बसून राहिले, कारण माझं सगळं चित्त पलीकडच्या चढावर होतं. ओहोटी होती, धक्का बराच उघडा पडलेला आणि शेवाळलेला. पहिला गिअर टाकला, टाच टेकली, क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली, हँडब्रेक खाली घेतला आणि गाडी एका दमात वर आली. वर थांबून मी वन्संची वाट पाहिली. त्या चालत आल्या आणि काहीएक न बोलता त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. अशी थाप हे मारायचे. भावंडंच ती.

मुक्काम वेळासला केला. ऑलिव्ह रिडले कासवांचं हे गाव. पूर्वी इथली अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी उकरली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेऊन संवर्धन सुरू केलं. मादी वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात निघून जाते. कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून कासवमित्र ती अंडी कुंपणात नेऊन पुरतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. २०२२ मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा.

घरगुती मुक्कामात रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. पहाटे सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर गेलो. कासवमित्रानं टोपली उचलली, तर खाली काळीभोर वाळू हलत होती. तळहातापेक्षाही लहान पिल्लं! दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उभे. पिल्लं पाण्याच्या जरा अलीकडे सोडतात, कारण तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. कोकणात जन्मलेल्या वन्संनी सत्तरी ओलांडल्यावर हे पहिल्यांदा पाहिलं. "भाऊ असता तर दोरी ओलांडून फोटो काढायला गेला असता," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी खूप हसलो. ह्यांच्या आठवणीनं हसू आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

निघताना घरातल्या वहिनींनी दोघींनाही हळदकुंकू लावलं. मला लावताना त्यांचा हात अडखळला नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते वाचून बरं वाटलं होतं. इथं कुणी ठराव वाचून दाखवला नाही आणि तरीही माझं कपाळ रिकामं राहिलं नाही.

पुढं केळशी, आंजर्ले, दापोली करत दाभोळ. वासिष्ठीच्या खाडीवरची इथली फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी खेड-चिपळूणवरून फिरून जावं लागे. धक्क्याजवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, ती चुकवू नका. या खेपेला बोटीवर मीही खाली उतरले आणि कठड्याशी उभी राहून धोपाव्याचा किनारा जवळ येताना पाहिला.

व्याडेश्वराच्या गाभाऱ्यात वन्संनी ह्यांच्या नावानं अभिषेक केला. मी देवळामागच्या किनाऱ्यावर बराच वेळ बसले आणि परतीचा रस्ता तिथंच ठरवला. कुंभार्ली घाटानं आलो. पाटणच्या टपरीवाल्यानं गाडी ओळखली आणि मागच्या सीटकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता सोसायटीतल्या दोन आजींनी मालगुंडला केशवसुतांचं घर दाखवायची गळ घातली आहे. त्यासाठी तवसाळ-जयगड फेरीबोट घ्यावी लागेल. या वाटेनं जाणाऱ्यांनी फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी, सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि शक्यतो भरतीच्या सुमाराला जावं. धक्क्यावरचा चढ तेव्हा कमी असतो.